तेरा बटणांचा पलंग

शेवटी मिरी परत आली, वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही, आणि बादलीला तिच्या मूळ कामावर परत पाठवण्यात आलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काहीही घडलेलं नाही. आत्ता सकाळ आहे, मिरी खाली लॉन्ड्रीच्या काउंटरवर भिंतीकडे तोंड करून बसली आहे आणि वर यायला तयार नाही.

वर म्हणजे बालवाडीत. बालवाडी माझ्या आत्याची. लॉन्ड्रीच्या डोक्यावर एक लांबट खोली आहे, तिथे ती भरते. खालून इस्त्रीची वाफ सतत वर येत असल्यामुळे आमची मुलं कायम थोडी उबदार आणि बिनसुरकुत्यांची असतात. मला आत्याने ठेवून घेतलं ते वरच्या फळीपर्यंत हात पोचतो म्हणून. फळीवरचं सगळं सामान काढून झाल्यावर मला काय काम द्यावं हा प्रश्न आला, तेव्हा तिने मला आकडे दिले.

"आत्या, गणिताचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे."

"बघ, एक आकडा तर येतो तुला."

"मला खरंच काही येत नाही."

"म्हणूनच तुला देतेय. येणारा माणूस सांगत सुटतो. पोरांच्या हातात आकडे दे, खेळू दे, कुठला आकडा कसा वागतो ते त्यांचं त्यांना कळू दे. तू मध्ये तोंड घालू नकोस."

एवढी पात्रता माझ्यात ठासून भरलेली होती.

आकडे हातात द्यायचे तर कशाचे द्यायचे, हा प्रश्न मिरीच्या बाबांनी सोडवला. लॉन्ड्री त्यांचीच. धुलाईत गळालेली, मालकाचा पत्ता न लागलेली बटणं ते एका पत्र्याच्या डब्यात टाकत. तो डबा त्यांनी वर पाठवला. मिरी त्यांची मुलगी. साडेचार वर्षांची, आकाराने नावासारखी आणि चवीनेही.

खेळाचं नाव होतं पलंग. मूठभर बटणं घ्यायची आणि त्यांना झोपवायचं. अट एकच: सगळ्या रांगा सारख्या झाल्या पाहिजेत, कुणाचा पाय बाहेर येता कामा नये. सहा बटणं तीन-तीनच्या दोन रांगांत गुपचूप झोपली. नऊ झोपली. सात मात्र झोपेनात. दोन रांगा केल्या, एक उरलं. तीन केल्या, तरी एक उरलं. शेवटी इंजिनाने सातही बटणं एका लांब ओळीत लावली. इंजिन हा मुलगा आहे. तो चालू झाला की आवाज करतो आणि सहसा बंद होत नाही.

"झोपले," इंजिन म्हणाला.

"हे झोपणं नाही," वकील म्हणाला. हाही मुलगाच. "एका ओळीत झोपतात ते रस्त्यावर पडलेले असतात. पलंगाला निदान दोन रांगा पाहिजेत."

निकाल मान्य झाला. सात हट्टी ठरला. मग हट्टी आकडे शोधण्याचा सपाटाच सुरू झाला. पाच हट्टी. अकरा तर महाहट्टी. एकाचं काय करायचं यावर बराच वाद झाला आणि एकाला पलंग लागतच नाही, तो आईजवळ झोपतो, असं ठरलं. बारा सगळ्यांचा लाडका झाला. बारा सहा-सहाच्या दोन रांगांत झोपायचा, चार-चारच्या तीन रांगांत झोपायचा, कूस बदलली तरी तक्रार नाही. इतका शहाणा आकडा मी आजवर पाहिला नव्हता, आणि आमच्या घरी बरेच शहाणे आहेत.

आत्या दारातून बघून गेली. काही बोलली नाही. आत्या काही बोलली नाही की ती खूश आहे असं आमच्या घराण्यात समजतात.

आता आमची मुलं होती तेरा.

रोज अकराच्या सुमाराला आम्ही रस्त्यापलीकडच्या मैदानावर जातो. रस्ता वाहता आहे, म्हणून आत्याचा नियम आहे: जोड्या करायच्या, हात धरायचा. आणि जोड्या कोणत्या क्रमाने, तर भिंतीवरच्या खुंट्यांच्या. ज्याची पिशवी पहिल्या खुंटीवर तो पहिला. हा नियम ढकलाढकली होऊ नये म्हणून आत्याने फार पूर्वी केला आणि नंतर तो भिंतीसारखाच झाला, कुणाला दिसेनासा. मिरी सगळ्यात शेवटी दाखल झाली. तिची खुंटी दाराजवळची, तेरावी. त्यामुळे सहा जोड्या व्हायच्या आणि मिरी उरायची. माझ्या एका हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी आणि दुसऱ्या हातात चेंडूंची पिशवी. मिरी त्या पिशवीचा बंद धरून यायची.

मुलांना तिची दया आली आणि तिथेच घात झाला. दया आल्यावर इंजिनाने पाय धुवायच्या निळ्या बादलीवर खडूने डोळे काढले, हसणारं तोंड काढलं आणि ती मिरीची जोडीदार म्हणून रांगेत उभी केली. मिरी दोन दिवस त्या बादलीची कडी धरून रस्ता ओलांडत होती. तिसऱ्या दिवशी तिने बादली माझ्यासमोर ठेवली.

"दादा, ही हात धरत नाही. हिलाच धरावं लागतं."

मी स्वतः त्याच जातीचा आहे.

त्याच दिवशी पलंगाच्या खेळात तेराची पाळी आली आणि आपणही तेराच आहोत म्हणून मुलांनी ठरवलं की आपणच झोपू. सगळी फरशीवर आडवी झाली. सहाच्या दोन रांगा, मिरी बाहेर. चारच्या तीन रांगा, मिरी बाहेर. तिनाच्या चार रांगा केल्या तेव्हा जरा आशा वाटली होती, पण मिरी बाहेरच. वकील उठून बसला, त्याने नीट पाहिलं आणि आवाजात कसलाही राग न आणता सांगितलं, "मिरी काढली की पलंग होतो."

गणिताच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं. मिरी उठली, तिने दाराजवळच्या खुंटीवरून पिशवी काढली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सहा जोड्या घडी घातल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"आज किती छान जुळलेत सगळे," आत्या म्हणाली, आणि मग तिने तेराव्या खुंटीकडे पाहिलं आणि गप्प झाली. हे गप्प बसणं खुशीचं नव्हतं. "जा खाली," ती मला म्हणाली. "घेऊन ये तिला. ती येत नाही तोवर तूही येऊ नकोस."

म्हणून मी लॉन्ड्रीत. मिरीचे बाबा एका शर्टाच्या कॉलरशी झटत होते.

"या मास्तर. काल रात्रीपासून एकच पालुपद. म्हणे मी जास्तीची आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बाळा, चांगल्या शर्टाला आतल्या बाजूने एक जास्तीचं बटण शिवलेलं असतं. किती कामाचं असतं ते."

"ते कुणी लावत नाही," मिरी भिंतीला म्हणाली. "ते तिथेच म्हातारं होतं."

बाबांनी कपाळाला हात लावला. त्या हातात इस्त्री नव्हती हे नशीब.

मी डबा खाली आणला होता. शिकवायचा काही बेत नव्हता, पण रिकाम्या हाताने रडक्या मुलासमोर बसण्याचा धीर माझ्यात नाही. मी काउंटरवर तेरा बटणं ओतली. थोड्या वेळाने मिरी वळली. मला मांडता येत नाही हे तिला सहन झालं नाही. तिने सहा-सहाच्या दोन रांगा लावल्या आणि एक छोटं लाल बटण बाजूला ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. "बघ. मी गेले की सगळं नीट."

मी बघितलं. खरंच सगळं नीट होतं.

तेवढ्यात बाबांना एका कोटासाठी मोठं निळं बटण हवं होतं. ते पलंगाच्या मधोमध झोपलं होतं. त्यांनी हात घातला आणि उचललं.

"बाबा, तो वकील आहे. ठेवा परत."

"असेल वकील. गिऱ्हाईक दुपारी येणार आहे."

पलंगाला भोक पडलं. मिरीने ते थोडा वेळ पाहिलं. तिला भोक आवडत नाही. तिने लाल बटण उचललं आणि तिथे ठेवलं.

पलंग पूर्ण झाला.

ती काउंटरवर उभीच राहिली. मग तिने कोपऱ्यातलं पांढरं बटण काढलं. भोक. बाबांच्या हातातून निळं ओढून घेतलं आणि तिथे ठेवलं. पलंग पूर्ण. मग चपटं काढून पांढरं. पलंग पूर्ण. ती एकेक बटण बाहेर काढत गेली आणि पलंग दर वेळी तितक्याच शांतपणे भरत गेला. तेराच्या तेरा बटणांची पाळी झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. आजवर माझ्याकडे अशा नजरेने फक्त परीक्षकांनी पाहिलं आहे.

"दादा, कुणीपण काढलं तरी होतो."

"हो?"

"म्हणजे मी जास्तीची नाही. तेरात एक जास्तीचा असतो. कुणीपण असतो."

"मग रोज तूच का?"

तिने विचार केला. "खुंटी," ती म्हणाली, आणि डबा घेऊन जिना चढायला लागली. निळं बटण तिच्याबरोबर गेलं. त्या कोटाला आजही हिरवं बटण आहे आणि गिऱ्हाईक ते फॅशन समजून हिंडतं.

वर गेल्यावर तिने सगळ्यांना फरशीवर झोपवलं आणि वकिलाच्या डोक्याशी उभी राहिली.

"तू ऊठ."

"का?"

"ऊठ तर."

वकील उठला. मिरी त्याच्या जागी आडवी झाली. दोन रांगा, सहा-सहा, कुणाचा पाय बाहेर नाही. वकिलाने एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने. तोंड उघडलं, मिटलं.

"वकील काढला की पण पलंग होतो," मिरी झोपल्या झोपल्या म्हणाली. तिच्याही आवाजात राग नव्हता, पण थोडा आनंद होता, तो मी माफ केला.

मग इंजिनाला उठवलं. मग एकेकाला. दर वेळी पलंग झाला आणि दर वेळी उठलेल्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. आत्या दारात येऊन उभी होती. तिने खुंट्यांकडे पाहिलं, बराच वेळ.

"बाई, रांग रोज वेगळ्या खुंटीपासून सुरू करायची," मिरीने आत्याला कळवलं. "मग रोज वेगळा उरेल."

"आणि उरेल त्याने काय करायचं?"

"तो दादाची पाटी धरेल. म्हणजे दादाचा एक हात मोकळा होईल. म्हणजे दादा त्याचा हात धरेल."

हा विचार मला कधी सुचला नव्हता. हात माझाच होता तरी.

त्या दिवशी पहिला उरला वकील. तो एका हाताने 'थांबा'ची पाटी आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. दूधवाल्याची गाडी थांबली, दोन मोटारी थांबल्या, एक सायकलवाला उतरून उभा राहिला. वकिलाने सगळ्यांकडे वळून वळून पाहिलं. मैदानावर पोचल्यावर तो कुणाशीच बोलला नाही. मोठ्या पदावरून उतरलेली माणसं अशीच असतात.

मग काय, उरायची चढाओढ लागली. सकाळी दारात पाऊल टाकण्याआधी मुलं विचारत, "आज कोण उरणार?" इंजिनाला एका दिवशी जोडीदार मिळाला तर तो रडून रडून बंद पडला. एका आईने येऊन आत्याला विनवलं की वाढदिवस आहे, आज आमच्या पोराला उरवा. बादलीचे डोळे पुसून तिला पाय धुवायला पाठवलं. आणि मिरी, तिची पाळी आली की, पाटी अशी धरायची की गाड्या थांबून झाल्यावरही थोडा वेळ सुरू व्हायला धजत नसत. बाबा लॉन्ड्रीच्या दारात येऊन ते पाहायचे आणि आत एखाद्या शर्टावर इस्त्री विसरायचे.

काही आठवडे असे सुखात गेले. मग चौदावं मूल आलं.

ती एक मुलगी होती. बूट उलट्या पायांत घातले होते आणि सरळ करायला हात लावू देत नव्हती. आत्याने दारापलीकडे चौदावी खुंटी ठोकली. अकरा वाजता रांग लागली. सात जोड्या. कुणीच उरलं नाही.

सगळ्यांच्या नजरा नवीवर गेल्या.

"हिच्यामुळे," वकील म्हणाला. "ही काढली की तेरा होतात."

नवीचा ओठ थरथरायला लागला. मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. आणि मिरी रांग सोडून पुढे आली. तिने बटणांचा डबा उपडा केला नाही, काही नाही. ती नुसती जरा वेळ छताकडे पाहून ओठ हलवत राहिली.

"तिघा-तिघांच्या रांगा करा," ती म्हणाली.

केल्या. चार रांगा झाल्या, बारा मुलं. बाहेर राहिल्या दोघी, मिरी आणि नवी.

"बघ, चौदात तिघा-तिघांच्या रांगा केल्या की दोन उरतात," मिरीने वकिलाला सांगितलं. मग नवीला म्हणाली, "आज मी आणि तू. पाटी जड असते. तू खालून धर."

दोघींनी मिळून रस्ता थांबवला. एक बस थांबली. बस थांबवण्याचा मान त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. नवीने पाटी खालून दोन्ही हातांनी धरली होती आणि उलट्या बुटांमुळे ती जायचं एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी चालली होती, पण हसत होती.

"आजच्यापुरतं ठीक," परत आल्यावर आत्या म्हणाली. "उद्यापासून जोड्याच. रस्ता आहे तो. तिघांत मधल्याचे दोन्ही हात अडकतात, नाक पुसायला हात उरत नाही."

यापुढे आत्याशी वाद चालत नाही. तेव्हा हे प्रकरण आता वरच्या पातळीवर नेणं भाग आहे.

प्रति, आकड्यांचा कारभार ज्या कोणत्या कार्यालयाकडे असेल ते कार्यालय.

विषय: चौदा या आकड्याबाबत.

महोदय, चौदा हा आकडा कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत विषम समजण्यात यावा. उरलेल्या वेळी तो सम राहण्यास आमची हरकत नाही. हे शक्य नसल्यास सोबतच्या निळ्या बादलीस पंधरावं मूल म्हणून तातडीने प्रवेश मंजूर व्हावा. वय साधारण चार वर्षं, स्वभाव शांत, बूड किंचित गळकं. सदर बादली हात धरत नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. सात जोड्या लागल्यावर आता अर्जदारच उरतो, तेव्हा रांगेत ती मजबरोबर उभी राहील.