गुरुवारची सही

सदानंद खैरनार जनरल मॅनेजर होऊन आठवडा झाला होता, पण त्याचा जीव अजून खाली वर्कशॉपमध्येच होता. चौदा वर्षं त्यानं दोहातल्या या गाड्यांच्या कंपनीचं वर्कशॉप सांभाळलं होतं. सर्व्हिस मॅनेजर होता तेव्हा रोज दहा गिऱ्हाइकं त्याला फैलावर घ्यायची, कुणाचा एसी थंड होत नाही, कुणाचा ब्रेक वाजतो, आणि तो दहाही जणांना चहा पाजून शांत करायचा. आता वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये त्याच्यापुढे कुणी ब्र काढत नव्हतं. बाहेर बसलेली सेक्रेटरी आलेल्या माणसाला परस्पर कटवायची. बढती म्हणतात ती हीच, असं समजून सदानंद दिवसभर कागद वाचत बसायचा आणि खालून पान्यांचा आवाज येतो का ते ऐकायचा.

घरी मात्र आनंदीआनंद होता. त्याच्या बायकोनं, मृणालिनीनं, अल अझीझियातल्या आपल्या सगळ्या मैत्रिणींकडे पेढे पोचवले होते आणि आता ती फ्लॅट सोडून व्हिला बघायला लागली होती. लेक ईश्वरी बारावीला होती. तिनं अभिनंदन वगैरे काही न करता एवढंच विचारलं, "बाबा, सो डू वी गेट मॅच टिकेट्स नाऊ?" फुटबॉलच्या वर्ल्ड कपला त्रेसष्ट दिवस उरले होते आणि दोहात दुसरा विषयच नव्हता.

आता गुरुवारच्या सहीची भानगड सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कंपनीचा आठवड्याचा अहवाल गुरुवारी दुपारी मालकांकडे जायचा. शुक्रवारी सुट्टी, पण वर्कशॉप शनिवारी चालू असायचं. मग शनिवारी होणारं काम गुरुवारीच झालं असं दाखवून सदानंद तपासणीच्या कागदांवर सह्या ठोकून मोकळा व्हायचा. आकडे छान दिसायचे, मालक खूश व्हायचे, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत फोरमन अबूबकर ते काम पुरं करून टाकायचा. अबूबकर मलबारचा, सदानंदपेक्षा दोन वर्षं जुना, कामाला वाघ. एवढी वर्षं एखादी गोष्ट बिनबोभाट चालली की माणूस तिला खोटेपणा म्हणत नाही, पद्धत म्हणतो.

रविवारी सकाळी अबूबकर सेक्रेटरीला न जुमानता थेट आत आला आणि दार लावून उभा राहिला.

"साब, वो साठ व्हॅन गई न वर्ल्ड कप के लिए. उसमें ग्यारह का काम बाकी था."

"कौन सा काम?"

"चाक का. नया व्हील लगाया, मशीन से टाइट किया. हाथ के पाने से माप के चेक करना था, वो नहीं हुआ."

सदानंद खुर्चीतून उठला. वर्ल्ड कपवाल्या गिऱ्हाइकाच्या मागणीवरून साठही व्हॅनना नवी चाकं बसवली होती. मशीननं आवळलेला नट नंतर हातानं मोजून आवळला नाही, तर तो धावत्या गाडीत हळूहळू सैल होऊ शकतो, हे वर्कशॉपमधलं शेंबडं पोरही सांगेल. त्या साठ गाड्यांच्या कागदांवर त्यानं बढतीच्या आधीच्या गुरुवारी सह्या केल्या होत्या. शनिवारी वर्कशॉपमधला त्याचा शेवटचा दिवस होता आणि निरोपाचा केक कापण्यात तो गेला होता.

"शनिवारी का नाही केलं?" त्यानं मराठीतच विचारलं, आणि मग हिंदीत परत विचारलं.

"यार्ड में धूप का टाइम हो गया, साब. दस बजे सबको छाँव में भेजना पड़ता है, कानून है. साढ़े तीन के बाद शोरूम का अर्जंट आ गया. सोचा, इतवार को करेंगे. इतवार को आप ऊपर आ गए. नये साब ने कागज देखा, सब पर आपकी सही. सोमवार को गाड़ी निकल गई."

"और तुम आज बता रहे हो?"

"तीन बार आया. मैडम बोली, मीटिंग में हैं. फोन किया तो नये साब ने उठाया, वो नंबर अब उनका है." अबूबकर खाली बघत राहिला. "उनको क्या बोलता? आपकी सही झूठी है, ऐसा बोलता?"

"कौन सी ग्यारह?"

"सब सफेद है, साब. यार्ड में आगे-पीछे हो गई. याद नहीं."

अबूबकर गेला. सदानंदनं दार पुन्हा लावून घेतलं. त्या व्हॅन वर्ल्ड कपसाठी आलेल्या स्वयंसेवकांना घेऊन दिवसभर फिरत होत्या, काही तर पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालपर्यंत, सरळ रस्त्यानं, एकशेवीसच्या वेगानं. एका गाडीत बारा माणसं. एखादं चाक निखळलं तर पुढे काय, हे त्याला डोळे मिटायच्या आधीच दिसत होतं. आणि डोळे उघडले की दुसरं दिसत होतं. तपासणीचा खोटा कागद, तोही या गाड्यांचा, या दिवसांत. आधी पोलीस येतील, मग देश सोडायला बंदी, मग नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की तिघांचा व्हिसा. त्याला खरोखर कशाची जास्त भीती वाटत होती, हे तो स्वतःलाही सांगू शकला नसता, आणि त्याची त्याला लाज वाटली.

माणूस घाबरला की आधी पळवाट शोधतो. त्यानं गिऱ्हाइकाच्या वाहतूक ऑफिसरला फोन लावला आणि आवाजात साखर घोळवून म्हणाला, "आमच्याकडून फुकट तपासणी आहे, रोज पाच-पाच गाड्या पाठवाल का?" ऑफिसर म्हणाला, "या आठवड्यात एकही गाडी मोकळी नाही. पुढच्या आठवड्यात बघू, इन्शाल्ला."

फोन ठेवतो तोच मृणालिनीचा आला. व्हिल्याला मागे छोटी बाग आहे, असं ती सांगत होती. मधेच थांबून म्हणाली, "तुमचा आवाज असा का येतोय?"

त्यानं सगळं सांगून टाकलं. लपवायची ताकदच उरली नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ईश्वरीची परीक्षा मार्चमध्ये आहे." आणि जरा थांबून, "ती माणसं आत्ता गाडीत बसलेली असतील ना हो?"

"हो."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?"

त्यानं ऑफिसरला पुन्हा फोन केला. या वेळी साखर नव्हती. अकरा गाड्यांची चाकं तपासलेली नाहीत, कुठल्या अकरा ते ठाऊक नाही, तेव्हा साठही गाड्या जिथे असतील तिथे थांबवा, असं त्यानं एका दमात सांगितलं. पलीकडचा माणूस अरबीत कुणावर तरी ओरडला.

दुपारी चारपर्यंत सगळ्या व्हॅन तपासून झाल्या. नवा सर्व्हिस मॅनेजर रॉबर्ट पाच मेकॅनिक घेऊन उन्हातान्हात रस्तोरस्ती फिरला. नऊ गाड्यांचे नट थोडेसे सैल होते. दहावीचे बोटांनी फिरत होते. अकरावी अल खोरच्या पुढे सापडली, तिच्या पुढच्या डाव्या चाकाच्या सहा नटांपैकी दोन जागेवर नव्हते. आत दहा मुली बसल्या होत्या. गाडी सकाळपासून जरा थरथरत होती, असं ड्रायव्हर म्हणाला.

हे ऐकून सदानंद बाथरूममध्ये गेला आणि तोंडावर पाणी मारत पाच मिनिटं तिथेच उभा राहिला. मग मालकांचं बोलावणं आलं.

मालक हमीद साहेब कधी आवाज चढवत नसत. त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. गिऱ्हाइकाला द्यायचा खुलासा तयार होता, जबाबदार व्यक्ती म्हणून रॉबर्टचं नाव टाइप केलेलं होतं, आणि त्याला कामावरून काढल्याचंही.

"गाड्या त्यानं दिल्या," हमीद साहेब म्हणाले. "तू जनरल मॅनेजर आहेस. सही कर, खलास."

रॉबर्ट वसईचा. या नोकरीत येऊन आठच दिवस झाले होते. त्याची बायको लिझी इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला सातवा महिना होता. सदानंदनं पेन उचललं. हाताला सवय होती, तो आपोआप कागदाच्या तळाशी गेला. सदानंदला आपल्याच हाताची भीती वाटली आणि त्यानं पेन खाली ठेवलं.

"ती तपासणी माझ्या वेळची आहे," तो म्हणाला. "सही माझी. काम व्हायच्या आधी केलेली."

"का?"

"गुरुवारचा अहवाल चांगला दिसावा म्हणून."

"कुणाला चांगला दिसावा?"

"तुम्हाला."

हमीद साहेबांनी पत्र परत ओढून घेतलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी आठला ये." एवढंच. उद्या आठला काय होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

सदानंद जिना उतरून वर्कशॉपमध्ये गेला. निदान रॉबर्टला तरी आपल्या तोंडून कळावं, असं त्याला वाटलं. रॉबर्ट घामानं निथळत खुर्चीत बसला होता. सदानंदनं त्याला पत्रातल्या नावाचं सांगितलं आणि ते आता तिथे राहणार नाही, हेही सांगितलं. आभार मानायचे सोडून रॉबर्ट पांढराफटक पडला.

"सर, मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "या गुरुवारी मीपण तसंच केलं. चाळीस गाड्यांवर सह्या केल्या. कामं व्हायची होती."

"तुला कुणी सांगितलं असं करायला?"

"कोणी नाय सर. काम समजून घ्यायला तुमच्या जुन्या फायली काढल्या. तारखा जुळवून बघितल्या. मला वाटलं, इथली पद्धत अशीच आहे."

"शनिवारी झाली का कामं?"

"बरीचशी."

"रॉबर्ट, किती गाड्या गेल्या बाहेर?"

"सत्तावीस. कुणाकुणाची राहिली ते नक्की नाय. सगळी घरगुती गिऱ्हाइकं. ब्रेकची कामं होती, चाकांची होती."

उद्या सकाळचे आठ सदानंदच्या डोक्यातून पार पुसले गेले. तिथे आता नुसती त्या गाड्यांची धडकी होती. त्यानं त्या सत्तावीस जणांची यादी ओढली. अर्धी रॉबर्टकडे सरकवली, मग सगळीच परत घेतली, आणि पहिला नंबर लावला. अल मुंतझातल्या अंजना नावाच्या बाईंचा होता. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागून मुलांचा कलकलाट आणि इंजिनाचा आवाज येत होता.

"मॅडम, आप गाड़ी चला रही हैं? प्लीज, अभी, धीरे से साइड में लीजिए."

"कौन बोल रहे हैं?"

"जनरल मॅनेजर," तो म्हणाला. गाडी थांबल्याचं त्या सांगेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही. मग त्यानं पुढचा नंबर लावला. अजून सव्वीस उरले होते.