मावशीचे कान आणि माझा ट्विटर

मी स्पीकर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज स्वतःचं बोलतोय आणि संतापून बोलतोय.

मावशीच्या गाण्याच्या वर्गात खिडकीजवळच्या स्टुलावर माझी जागा. माझ्या लाकडी पेटीत दोघे राहतात. खाली ताटलीएवढा वूफर, त्याच्याकडे जाड आवाज. वर डबीच्या झाकणाएवढा ट्विटर, त्याच्याकडे बारीक आवाज: झांजेची किणकिण, शब्दांतले स आणि श. कुणाला काय द्यायचं ते पोटातला क्रॉसओव्हर ठरवतो. भांडण नाही, तंटा नाही.

मावशी मुलींचं गाणं फोनवर टिपायची आणि माझ्यातून ऐकून चुका काढायची. तिचा कान भारी तिखट. एखादीने श्वास चोरला तरी तिला कळायचं.

मग मला ताकद पुरवणारा जुना अँप्लिफायर बंद पडला आणि तिच्या भाच्याने नवा आणला. माझ्या पाठीवर ‘शंभर वॅट’ लिहिलंय. पठ्ठ्याला वाटलं, मी एवढा ओरडतो! अहो, तो माझा आवाज नव्हे, माझी सहनशक्ती आहे. किती ताकद मी पचवू शकतो, एवढंच ते सांगतं.

“मावशी, मुद्दाम छोटा अँप्लिफायर आणलाय. स्पीकर जळायची भीतीच नको,” तो म्हणाला आणि त्या चिमुकल्याचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. त्याला ते झेपेना. तो आवाजाच्या लाटांचे शेंडे सपाट छाटून मला देऊ लागला. याला क्लिपिंग म्हणतात. त्या छाटलेल्या, करकरीत आवाजाने ट्विटरची नाजूक तार तापत गेली आणि एके दिवशी जळाली. ना धूर निघाला, ना कुणाला पत्ता लागला.

त्या दिवसापासून मावशीला शब्द गिळल्यासारखे ऐकू येऊ लागले. ती मुलींना रागावली, “शब्द स्पष्ट म्हणा गं!”

“स्पष्टच म्हटलं होतं, बाई,” एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

मावशीने भाच्याला बोलावून विचारलं. त्याला नुसता दणदणाट हवा. तो मान डोलावत म्हणाला, “मला तर झकास वाटतंय. काय बेस आहे! मावशी, राग मानू नकोस, पण आता वय झालं तुझं. कान तपासून घे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! कान तिचे ठणठणीत होते, मुका मी झालो होतो. पण ओरडून सांगायला माझ्याकडे तो बारीक आवाजच उरला नव्हता. मावशी मात्र खचली. मुलींना म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई शोधा. ज्याला ऐकू येत नाही त्याने शिकवू नये.” मग तिने तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि कुलूप लावायला किल्ल्या काढल्या.

किल्ल्या खुळखुळल्या. मावशी थबकली. तिने त्या पुन्हा हलवल्या, आधी कानाशी, मग हात लांब करून. ती बारीक किणकिण तिला लख्ख ऐकू येत होती. मग परत येऊन तिने मला सुरू केलं आणि माझ्या जाळीला कान लावला. आधी खाली, मग वर.

“वरचा बोलतच नाही की रे!” ती म्हणाली.

आता माझ्यात नवा ट्विटर बसलाय आणि अँप्लिफायरही पुरेशा ताकदीचा आलाय. त्या रडवेल्या मुलीचं गाणं मावशीने पुन्हा लावलं. सगळे स, सगळे श जागच्या जागी होते. मावशीने तिला जवळ घेतलं.

भाचा काय म्हणाला असेल? “बघ, स्पीकरच खराब होता!”

“स्पीकर खराब नव्हता,” मावशी म्हणाली. “माझे कानही नव्हते. बटण कोण पिळत होतं?”

भाच्याने हळूच बटण मागे फिरवलं. तिची माफी मात्र त्याने अजून मागितलेली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, मला खुशाल खोका म्हणा, मुका म्हणा. पण घरातल्या माणसाला म्हातारं ठरवण्याआधी एकदा माझ्या जाळीला कान लावून बघा.