हेबर्लेकाकांचे हजार ज्यूल

प्रतापनं शिकारीच्या परवान्याचा अभ्यास बारावीच्या बोर्डासारखा केला. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चार रंगांची पेनं, फ्रिजवर चिकटवलेले तक्ते. मी भांडी लावत असले की मागून विचारायचा, "सांग, कोल्ह्याला दात किती?" मी म्हणायचे, "माझ्यापेक्षा एखाददोन कमी असतील, जपून राहा." इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात तो क्वालिटीत आहे. तिथे कुणी "साधारण एवढं" असं म्हणालं तर या माणसाला जेवण जात नाही. मी स्वतः एका कंपनीत कंट्रोलिंगला, म्हणजे खर्चाच्या हिशोबाला, असल्यामुळे मला हे आवडतं. फक्त घरात असे दोघं असले की चहाची साखरसुद्धा भांडणाला पुरते.

शिकारीचं खूळ आलं हेबर्लेकाकांमुळे. हेर हेबर्ले आमच्या मागच्या गल्लीत राहतात, सत्तरी ओलांडलेले, आणि गावाबाहेरच्या रानात शिकार करायचा भाडेपट्टा त्यांच्याकडे आहे. एका नाताळात त्यांनी 'रे'ची मांडी आणून दिली. रे म्हणजे आपल्या भेकराएवढं इथलं हरीण. प्रताप पडला कर्णिकांचा मुलगा, मटणाच्या बाबतीत त्याला कुणी शिकवायची गरज नाही. त्यानं त्या मांडीचा रस्सा केला, दोन दिवस पुरवून खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी शिकारीच्या वर्गाची चौकशी करून आला.

वर्गात एक अडचण निघाली. मोठ्या रायफलीचा धक्का बसायच्या आधीच हा डोळे मिटायचा. एकदा तर शिकवणाऱ्यानं मुद्दाम गोळी न भरताच रायफल हातात दिली, तरी मिटले. म्हणून मग लहान कॅलिबर, म्हणजे बारीक गोळी आणि कमी धक्का. पुण्यात पोराला कुठल्या शाळेत घालावं यावर जसं प्रत्येकाला मत असतं, तसं शुक्रवारी गावातल्या गास्टहाउसमध्ये बिअर प्यायला जमणाऱ्या शिकाऱ्यांना कॅलिबरवर असतं. एक म्हणाला, "एवढ्याशा गोळीनं डास मारणार का?" दुसरा म्हणाला, "रानडुक्कर समोर आलं तर काय करणार, माफी मागणार?" कायद्यानं अशा बारीक गोळीनं फक्त रे मारायला परवानगी आहे, आणि तीही एका अटीवर: शंभर मीटरवर पोचताना गोळीत निदान हजार ज्यूल ऊर्जा शिल्लक हवी. त्याहून कमी असेल तर हरीण जागेवर पडत नाही, जखमी होऊन झाडीत जातं.

हेबर्लेकाकांनी वाद मिटवला. त्यांच्याकडे ट्रिपल-टू कॅलिबरच्या दोन रायफली होत्या, सख्ख्या बहिणींसारख्या. त्यातली एक त्यांनी प्रतापला विकली, आणि सोबत आपली रेसिपी तोंडी सांगितली: कुठली तांब्याची गोळी, कुठली दारू, किती भरायची. "तीस वर्षं हेच," ते म्हणाले. "हरीण जागेवर."

रानाच्या दृष्टीनं मात्र प्रताप अजून बाहेरचाच होता. त्याला हवा होता बेगेउंगश्शाइन, म्हणजे काकांच्या रानात वर्षभर बसायची आणि ठरवून दिलेली हरणं मारायची लेखी परवानगी. तो मिळाला नाही तर परवाना भिंतीवर टांगायचा आणि कोल्ह्याचे दात आठवत बसायचं. काका म्हणाले, "मे महिन्यात एका शनिवारी माझ्यासोबत मचाणावर बसा. एक नर ठेवलाय तुमच्यासाठी. मग बघू."

काकांचं 'बघू' म्हणजे आपल्याकडचं 'बघू' नव्हे. ते खरंच बघतात.

आता तयार काडतुसं विकत घ्यायची सोडून हा उद्योग घरी कशाला, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "नीता, दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या रायफलीसाठी असतं. हे माझ्या रायफलीसाठी." म्हणजे आपल्याकडच्या शिंप्याची आणि तयार ब्लाउजची गोष्ट. मी पटवून घेतलं. त्यासाठी वेगळा वर्ग झाला, वेगळा परवाना आला, आणि आमच्या केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, जुन्या टेबलावर एक लोखंडी प्रेस बसला. वापरलेली पितळी पुंगळी धुवायची, तिचं तोंड पुन्हा मापात आणायचं, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. दारू तोलताना त्याला शिंकलेलंसुद्धा चालायचं नाही.

माझी आई, वसुधाबाई, तेव्हा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली. गुरुवार, एकादशी, चातुर्मास, सगळं काटेकोर. जावई हरणं मारणार हे कळल्यावर तिनं दोन दिवस त्याच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलणं ठेवलं. "त्यांना विचार, हरणानं यांचं काय वाकडं केलंय?" मग एकदा ती केलरमध्ये लोणच्याची बरणी ठेवायला गेली आणि तिला पुंगळ्या घासणारं यंत्र दिसलं. पाणी, साबण आणि बारीक स्टीलच्या काड्या. आत टाकलेलं पितळ सोन्यासारखं होऊन बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी प्रतापनं झाकण उघडलं तर पुंगळ्यांच्या सोबतीला निरांजन, घंटा आणि पळी.

"आई, अहो, यात बंदुकीची काजळी असते!"

"मग धुऊन घेईन," आई म्हणाली. "पण काय हो, समई मावेल का हो यात?"

त्या दिवसापासून बोलणं सरळ सुरू झालं.

एप्रिलअखेर पन्नास काडतुसं तयार झाली. शूटिंग रेंजवर पाच गोळ्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या. इथे थांबला असता तर तो प्रताप नव्हे. त्याला काकांना खूश करायचं होतं. त्यांच्या रेसिपीचा एक छान रंगीत आलेख काढून, खाली 'हेबर्ले' असं नाव घालून, फ्रेम करून द्यायचा होता. त्यासाठी क्लबचं वेग मोजायचं यंत्र मागून आणलं. बुधवारी संध्याकाळी रेंजवरून आला तो जॅकेट न काढताच स्वयंपाकघरात बसला.

"काय झालं? चुकली?"

"नाही. सगळ्या बरोबर लागल्या." त्यानं फोन माझ्यासमोर सरकवला. "शंभर मीटरवरचे ज्यूल बघ."

नऊशेवीसच्या आसपास. दहा वेळा मोजलं होतं, दहाही वेळा हजाराच्या आत.

"असं कसं? तीस वर्षं हेच ना?"

"तीस वर्षं रेसिपी तीच आहे. पण तीन वर्षांपूर्वी काकांनी दोन्ही रायफलींना सायलेन्सर बसवले. लांबी फार होते म्हणून पुढून नळी कापून घेतली, चांगली वीतभर. नळी आखूड झाली की गोळी हळू जाते. रेसिपी काडतुसांच्या पुस्तकातल्या लांब नळीची. नळी कापली, माप तेच ठेवलं."

"आणि तू मोजलं नाहीस? तू? पोळी गोल आहे का ते मोजणारा माणूस?"

त्यानं फोन उलटा ठेवला. "काकांनी सांगितलं होतं गं. वडीलधाऱ्या माणसानं हातात दिलेली गोष्ट लगेच मोजायला घ्यायची का?"

यावर मला हसू आलं, पण मी ते चहात बुडवलं. कारखान्यात जपानी पुरवठादाराला रडवणारा हा माणूस, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं माप प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेऊन आला होता.

"मग सांग त्यांना," मी म्हटलं. "जर्मन आहेत. त्यांना सरळ बोललेलं आवडतं."

"स्वतः बोललेलं आवडतं. दुसऱ्यानं त्यांना बोललेलं आवडतं असं कुणी सांगितलं तुला? आणि ते साधे शिकारी नाहीत. शुक्रवारी टेबलावर कुणाचा नियम चुकला की बिअरचा दंड तेच लावतात. त्यांना मी जाऊन सांगू, की काका, तुम्ही तीन वर्षं बेकायदा गोळी मारताय? मग श्शाइन विसर."

"तू तुझ्यापुरती दारू थोडी वाढव. पुस्तकाच्या मर्यादेत बसतं ना?"

"बसतं. तोही विचार केला." त्याचा चेहरा आणखी पडला. "पण ते स्वतः उद्याही तीच मारणार. आणि एखादं पाय ओढत झाडीत गेलं, तर मला माहीत असून गेलं."

आई कोथिंबीर निवडत ऐकत होती. म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या भाजणीत धणे जास्त पडायचे. मी त्या असेपर्यंत एक अक्षर बोलले नाही."

"आणि नंतर?" प्रतापनं आशेनं विचारलं.

"नंतर मलाच तसली भाजणी आवडायला लागली." तिनं देठ बाजूला केले. "पण जावईबापू, भाजणी खाऊन कुणी लंगडत झाडीत गेलं नव्हतं. सांगून टाका."

शनिवारी मचाणावर जायच्या आधी 'एकदा निशाणा तपासून घेऊ' म्हणून प्रतापनं काकांना रेंजवर बोलावलं. गाडी मीच चालवली, कारण तो मनातल्या मनात जर्मन वाक्यं जुळवत होता. रेंजवर मी कानांवर मफ लावून मागच्या बाकावर बसले. एक कान जरा उघडा ठेवला.

काका हिरव्या टोपीत, आपली रायफल घेऊन. यंत्र पाहून भुवया वर गेल्या. प्रतापनं सुरुवात केली. जर्मन भाषेत जर-तरचे जेवढे प्रकार आहेत ते सगळे त्यानं एका वाक्यात बसवले. कदाचित असं असू शकेल, की अशी एक शक्यता, अर्थात तुमच्या अनुभवापुढे…

"आल्झो, म्हणजे," काका म्हणाले, "मुद्दा काय आहे?"

"हजार ज्यूल होत नाहीत."

"तुमच्या काडतुसांचे?"

"हो. म्हणजे… रेसिपीचे."

काकांनी आपल्या खिशातलं काडतूस काढलं, आपल्या रायफलीत घातलं, बसले, मारलं. यंत्रावरचा आकडा पाहिला. आणखी एक. तोच आकडा, थोडा खालीच.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

मी प्रतापकडे बघत होते. पळून जायला दार उघडं होतं, आणि दार काकांनीच उघडून धरलं होतं. "हो, शक्य आहे" एवढं म्हटलं असतं तर मचाण, नर, श्शाइन, सगळं जागच्या जागी. त्याचं तोंड 'हो'साठी उघडलेलंही मला दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "बिघडलेलं नाही. मीही आधी तेच म्हणालो." मग त्यानं क्लबची जुनी, लांब नळीची ट्रिपल-टू आणली, काकांचंच काडतूस मागून घेतलं, आणि रायफल त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

काकांनी मारली. यंत्रावर पुस्तकातला आकडा आला. रेसिपी शंभर टक्के बरोबर होती. चुकीची होती ती नळी.

काका कितीतरी वेळ दोन्ही रायफलींच्या तोंडांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातली उरलेली काडतुसं काढून, एकेक करून, डब्यात ठेवली आणि डब्याला रबर लावलं.

"आज मचाण नाही," ते म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले.

परत येताना प्रताप एवढंच म्हणाला, "गेला श्शाइन." मी गाडी चालवत राहिले. माणूस पडलेला असताना त्याच्या जमेची बाजू मोजून दाखवणं मला नोकरीतही जमत नाही.

पुढच्या शुक्रवारी गास्टहाउसला तो जायलाच तयार नव्हता. मी ढकलून नेला, आणि बिअर झाल्यावर गाडी कोण आणणार म्हणून सोबत बसले. काका आले, टोपी काढली, ग्लासवर चाकूनं टकटक केली.

"महोदय," ते म्हणाले, "मी एक तपासणी हाती घेतली आहे."

प्रतापनं मान वर केली.

"सायलेन्सरसाठी नळ्या कापायची फॅशन आली आहे. मला बरेच दिवस शंका होती. शेवटी मी रेंजवर मोजून पाहिलं." इथे त्यांनी एक मोठा, गंभीर घोट घेतला. "परिणाम धक्कादायक आहेत. ज्यांनी नळी कापली आहे, त्यांनी मोजल्याशिवाय माझ्या ओळखीच्या एकाही रानात पाय ठेवू नये."

टेबलावरच्या सहा जणांपैकी चौघांचे चेहरे उतरले. डासवाला तर एकदम फ्राइजच्या प्लेटीत काहीतरी शोधायला लागला.

"नाही का, हेर कर्णिक?" काका म्हणाले.

मी टेबलाखालून प्रतापचा पाय दाबला. गरज नव्हती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्यानं. "धक्कादायक."

काकांनी आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्या ग्लासाखाली सरकवला. शिक्का, सही, वर्ष, सगळं. मी उलट्या बाजूनं वाचला. ही माझी सवय. खाली पेननं अटी लिहिल्या होत्या: तीन मचाणांची दुरुस्ती, हरणांना चाटायला मिठाचे दगड ठेवणं, आणि हेबर्ले यांच्या रायफलीसाठी काडतुसं मोजून तयार करणं.

खरं सांगायचं तर ज्याला आपलं गुपित माहीत आहे त्याला रानाबाहेर मोकळा फिरू देण्यापेक्षा आत घेतलेला बरा, एवढा हिशोब काकांनाही येतो. पण कागद देताना त्यांनी प्रतापच्या खांद्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ ठेवला, आणि तो भाग माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना.

नर अजून रानातच आहे. मे संपत आला, आणि माझा नवरा रोज संध्याकाळी हातोडी घेऊन पहिल्या मचाणाच्या पायऱ्या ठोकतोय. काल काका खाली उभे राहून ओरडत होते, "हेर कर्णिक! ती फळी साधारण अशीच राहू द्या!"

"साधारण?" वरून आवाज आला, आणि तो खिशात टेप शोधायला लागला.