ऑडिटच्या दिवशी मी गार राहिले

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. साडेसात हॉर्सपॉवरची, बिडाच्या जड अंगाची. सध्या चाकणजवळच्या निघोज्याच्या पुढे एका भंगारवाल्याच्या आवारात पडून आहे. माझ्या एका बाजूला गंजलेले पत्रे आहेत, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यांचा ढीग. या सगळ्यांत रंग फक्त माझाच नवा आहे. गडद निळा. हा रंग मला का लावला आणि तो केवढ्याला पडला, एवढेच मला सांगायचे आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मी तयार झाले. पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक दाबून माझा गाभा केला, त्याच्या खाचांत तांब्याची तार भरली. काही वर्षे एका मोठ्या कंपनीत काढल्यावर मी लिलावात निघाले. त्याच सुमारास दापोडीचे धम्मरत्न कामाला होते ती पिंपरीतली कंपनी बंद पडली होती. हातात आलेल्या पैशांत त्यांनी पत्रा दाबून कापणारा तीस टनी पॉवर प्रेस घेतला आणि तो चालवायला मला घेतले. दापोडीच्या गल्लीत शेजाऱ्यांना आमचा आवाज सोसेना, म्हणून निघोज्यात पत्र्याची शेड भाड्याने घेतली. दुचाकीच्या सीटखाली बसणारी लोखंडी पट्टी आम्ही ठोकत होतो. चाकणची एक कंपनी ती घेई.

धम्मरत्न वारले तेव्हा सगळ्यांना वाटले, शेड बंद होणार. त्यांच्या पत्नी कस्तुराताई तेराव्या दिवशी दोन बस बदलून शेडवर आल्या आणि त्यांनी माझा स्विच दाबला. प्रेसवर सोनबा होता. निघोज्याचाच, पन्नाशी उलटलेला. तो दसऱ्याला माझ्यावर झेंडूचे फूल ठेवी आणि ताई चौदा एप्रिलला त्याला पगारी सुट्टी अन् पेढे देत. माणसे कमी, काम भरपूर, असे ते दिवस होते.

या काळात मी पाच वेळा जळले आणि पाच वेळा मला नव्या तारेने भरून आणले. मोटर भरणारा आधीची जळकी तार सुटावी म्हणून मला भट्टीत ठेवी. तार निघे, पण दर वेळी गाभाही थोडा भाजला जाई. बाहेरून काही कळत नसे. मी तेवढीच फिरायचे, फक्त त्यासाठी आधीपेक्षा जास्त वीज घ्यायचे आणि जास्तीची वीज उष्णता म्हणून अंगातून टाकून द्यायचे. सोनबा सकाळी जेवणाचा डबा माझ्या पाठीवर ठेवी. बाराला उघडला की कालवण वाफाळते असे. शेजारच्या शेडमधले लोक त्याला म्हणत, तुझ्याकडे फुकटची शेगडी आहे. त्याला ते माझे कौतुक वाटे. मलाही वाटे.

ती शेगडी फुकटची नव्हती. मजुरीनंतर शेडचा सर्वांत मोठा खर्च लाइट बिलाचा होता आणि त्यात चाकणच्या कंपनीने कळवले, वर्षभरात नगामागे दर कमी करावा लागेल, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. ताईंनी हिशेब केला. पगार कमी करता येत नव्हता, पत्रा स्वस्त मिळत नव्हता. उरले होते बिल. बचत गटातल्या एका बाईने त्यांना बँकेची नवी योजना सांगितली. जुनी मोटर काढायची, कमी विजेवर चालणारी नवी घ्यायची आणि वाचलेल्या बिलातून हप्ता फेडायचा. याआधी बँकेने त्यांना दोनदा परत पाठवले होते. शेड भाड्याची, घर सासऱ्यांच्या नावावर, तारण काही नाही. या वेळी बँकेला तारण नको होते. मी किती वीज वाया घालवते, त्याचा अहवाल तेवढा हवा होता.

म्हणजे बघा, कस्तुराताईंकडे दाखवायला फक्त माझा उधळेपणा होता आणि बँक पहिल्यांदाच त्यावर पैसे द्यायला तयार होती.

मग बँकेचे पत्र आले की अमुक तारखेला ऊर्जा ऑडिट, म्हणजे विजेच्या वापराची तपासणी होईल.

आमच्या पट्ट्यात ऑडिट म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. कंपनीची माणसे येतात, हातात फॉर्म असतो, आणि ती चुका शोधतात. एकदा जमिनीवर तेलाचा डाग दिसला म्हणून आमचे काम तीन महिने थांबले होते. तेव्हापासून ऑडिट म्हटले की फरशीवर पिवळे पट्टे ओढायचे, हत्यारे फळीवर ओळीने टांगायची, खराब माल पोत्याखाली सारायचा आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार ठेवायचे. ताई आणि सोनबा हे काम मन लावून शिकले होते.

पत्रातला ऑडिट हा शब्दच त्यांना दिसला, आणि तसेच त्यांनी याही वेळी केले. गटातून उचल घेऊन ताईंनी मला नवे बेअरिंग आणि प्रेस फिरवणारे नवे पट्टे आणले. सोनबाने मला घासून निळा रंग दिला. प्रेसवरून जाड पट्टीचा अवजड डाय, म्हणजे साचा, उतरवला आणि वॉशरचा हलका डाय चढवला. सकाळी त्याचा डबा माझ्या पाठीवर आला नाही. तो खिळ्याला टांगला गेला.

"ताई, मोटर नवरीवानी दिसतीया," सोनबा म्हणाला.

ऑडिटला मिनल नावाची तरुण इंजिनीअर आली. तिने माझ्या तारांना मीटरचा चिमटा लावला आणि बराच वेळ आकडे टिपले. मी हलका पत्रा कापत होते. अंगात नवे बेअरिंग होते. मी गार राहिले.

"रोज असंच चालतं?" मिनलने विचारले.

"रोज असंच," कस्तुराताई म्हणाल्या. "आमच्याकडे मोटरची काही तक्रार नाही, मॅडम."

मिनलने बिले उलटूनपालटून पाहिली. एवढ्या कामाला एवढे बिल कसे, हा तिचा प्रश्न बरोबर होता. पण उत्तर तयार होते.

"मागं मालकाच्या चार खोल्या हायेत न्हाई का," सोनबा म्हणाला. "त्यांची लाइन बी ह्याच मीटरवर हाय."

खोल्या होत्या, पण त्यांचे मीटर वेगळे होते. मिनलला त्या दिवशी आणखी दोन शेड बघायच्या होत्या. तिने ते लिहून घेतले आणि ती गेली. मला बोलता आले असते, तर मी तेव्हा बोलले असते.

अहवालात शेरा होता, मोटरची स्थिती समाधानकारक. ताईंनी तो कंपनीच्या जुन्या शेऱ्यांशेजारी भिंतीवर लावला आणि सोनबाला पेढा दिला. पंधरा दिवसांनी बँकेत गेल्यावर त्यांना कळले की योजनेला किमान वीस टक्के बचत दिसायला हवी होती. आमची सहा टक्के दिसली होती. अर्ज नामंजूर झाला होता.

ताईंनी मिनलला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली. कुणाला आधी कळवले नव्हते. जाड पट्टीचा डाय चढलेला होता, मी कण्हत चालले होते आणि पाठीवर सोनबाचा डबा होता. मिनलने तो बाजूला करायला उचलला आणि चटकन खाली ठेवला. बोटे झटकत तिने पुन्हा चिमटा लावला आणि आकडा पाहिला.

"ताई, हे मला त्या दिवशी का नाही दाखवलं?"

उत्तर सोनबाने दिले, आणि त्यात लबाडी नव्हती. "मॅडम, ऑडिटला कुणी वंगाळ दाखवतं व्हय?"

मिनलने तिथेच स्टुलावर बसून बँकेला पत्र लिहिले. बँकेने पत्र ठेवून घेतले. नामंजूर अर्ज वर्षभर पुन्हा करता येत नाही, असा नियम होता.

वर्ष आमच्याकडे नव्हते. नामंजुरीनंतरच्या आठव्या महिन्यात कंपनीने दर उतरवला. ताईंनी तोट्यात दोन महिने माल दिला. मग एप्रिलमधल्या एका दुपारी माझ्यातून धूर निघाला. मोटर भरणाऱ्याने मला उघडले आणि या वेळी पैसे घ्यायला नकार दिला. गाभा संपला होता. नव्या मोटरीला पैसे नव्हते, गटाची उचल अजून फिटायची होती, आणि कंपनीचे काम थांबले ते कायमचे. शेड रिकामी झाली. सोनबा आता एका कंपनीच्या गेटवर पहारा देतो. कस्तुराताई चाकणला कंत्राटावर पॅकिंगला जातात.

भंगारवाला आला, त्या दिवशी ताई हजर होत्या. त्याने माझ्याभोवती फेरी मारली, रंगावरून हात फिरवला आणि विचारले, "ताई, ही तर नवीन वाटते. चालू असेल तर मोटरीचा भाव देतो. नाहीतर वजनावर घेईन."

ताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"पाच वेळा भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "गाभा जळलाय. तापायची फार, वीज खायची. वजनावर घ्या."

माझ्याविषयी खरे बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. त्याने मला काट्यावर चढवले.

मित्रांनो, तुमच्याकडेही कधी कोणी तपासायला येईल. रंगाचा डबा उघडण्याआधी त्याला एवढे विचारा की तुम्ही काय शोधायला आलात. आणि माझ्यासारखी एखादी मोटर तिथे असेल, तर त्या दिवशीही जेवणाचा डबा तिच्या पाठीवरच राहू द्या.