उभी ठेवलेली पोर्ट

माझी आई प्रेमाबाई म्हणजे दौंडच्या आमच्या चर्चमधली सगळ्यात कडक बाई. आणि माझी मुलगी ब्लेसी नाशिककडच्या वायनरीत वाइन चाखायची नोकरी करते. या दोघींच्या मध्ये माझं पार भरीत झालंय.

आमच्याकडे कुणी लांब निघालं की मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. ब्लेसीला नोकरी लागल्यापासून ती मिळाली नव्हती. "दारूच्या कामाला माझी प्रार्थना न्हाई," आई म्हणायची. आता पोरगी वर्षभर पोर्तुगालला शिकायला निघाली होती. बॅग दाराशी ठेवून ती आजीसमोर येऊन बसली.

आई उठली ती थेट शोकेसकडे. माझे वडील हेन्री रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या वडिलांना एका इंग्रज साहेबानं मायदेशी जाताना पोर्ट या गोड वाइनची बाटली दिली होती. घरात कुणी थेंब घेतला नाही, पण वडील गेल्यावर आई ती त्यांची आठवण म्हणून दर शनिवारी पुसायची. तीच बाटली तिनं ब्लेसीच्या पुढ्यात ठेवली.

"लई शिकलीस ना? मग सांग, तुझ्या आज्याची बाटली कशी हाय."

बूच काढताना त्याचा भुगाच झाला. मी ब्लेसीला डोळ्यांनी खुणावलं, चांगली म्हण बाई. पोरगी कसली ऐकतेय! तिनं ग्लास हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि पचकन पातेल्यात थुंकला.

"गेलीय, आजी. आंबलीय, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. बाटली आडवी ठेवायची असते, उभी ठेवून बूच वाळलं. पण काय वाइन असेल गं ही! तळाशी अजून मनुकांचा गोडवा आहे."

तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा असा काही अभिमान वाटला म्हणता!

आई मात्र पातेल्याकडे बघत होती. "थुंकलीस?"

"रोजच थुंकते. पीत बसले तर काम कधी करू?"

"म्हंजी तू पीत न्हाईस?"

"कामावर थेंबही नाही."

"आन् हे आधी सांगाया काय झालं व्हतं?"

"तू कधी विचारलंस?"

आईनं पातेलं बाजूला सारलं. मग पदर सावरून तिनं ब्लेसीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापा, एवढ्या दिवसांत म्या हिला एक शब्द इचारला न्हाई. मला माफ कर. हिची जीभ तू घडवलीस, ती खरं बोलती. तिला सांभाळ."

मी मोठ्यानं आमेन म्हणून दाराशी ठेवलेली बॅग उचलली.