जेवणाच्या सुट्टीतला व्यवहार

बातमीदार बाई मोठी काटेकोर. तिच्या बातमीत खोट काढायला समोरचा कंबर कसून बसला तरी हात हलवत परत जायचा. या गुणाचा तिला थोडा माजही होता, आणि तोच नडला.

बँकेतल्या नोंदी तिला तिथेच नोकरी करणाऱ्या तिच्या आतेभावाने आणून दिल्या होत्या. गुपचूप निसटायच्या कलेमुळे घरात त्याला सगळे बोका म्हणत. एका बड्या बिल्डरचा काळा पैसा नावापुरत्या कंपन्यांमधून फिरून पांढराशुभ्र होऊन त्याच्याच घरी परत येत होता. सगळे जेवायला गेले तेव्हा बोक्याने एकट्याने बसून त्या नोंदी उतरवून घेतल्या. देताना म्हणाला, "ताई, माझं नाव कळलं तर ही माणसं मला जिवंत सोडणार नाहीत."

"वेडा आहेस का? मी आहे ना!" ती म्हणाली.

बातमी छापण्याआधी समोरच्याला प्रश्न पाठवायचे, ही वर्तमानपत्राची रीत. तिने प्रश्न लिहिले. संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तारीख, रक्कम, खातं... एवढं सगळं कशाला? मोघम विचार."

"मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं, सर."

आणि तिने सगळ्यात मोठा व्यवहार जसाच्या तसा घातला.

बिल्डरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी गोड भाषेत. बाकी प्रश्नांवर काही म्हणणं नव्हतं. फक्त त्या व्यवहाराबद्दल लिहिलं होतं: 'हा चुकून झाला होता. जेवणाच्या सुट्टीतच रद्द करून तो नोंदींतूनही काढला गेला. तेवढ्या वेळात तो पाहणारं फारसं कुणी नसणार. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.'

त्या सुट्टीत नोंदींपाशी एकटा बोकाच बसला होता. तिने बोक्याला फोन लावला.

"अगं, मीच करणार होतो! थोरल्या साहेबांनी वर चहाला बोलावलंय. मला! बढतीच असणार बघ."

"बोक्या, जाऊ नकोस. आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

"काय? ऐकू येत नाहीये, लिफ्टमध्ये आहे. न्यायला दोन माणसं पाठवलीत, एवढा मान..."

फोन कटला. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. संपादक दारात येऊन उभे राहिले, पण तिने फोन खाली ठेवला नाही.

अखेर फोन उचलला गेला. आवाज बोक्याचा नव्हता.

"नमस्कार," तो शांतपणे म्हणाला. "यांच्या फोनवर 'ताई' असं नाव आलंय. प्रश्न तुम्हीच पाठवले होते ना?"