रणगाड्याचा पेला

महायुद्धाच्या विजयदिनाच्या जेवणाला म्हाताऱ्या निकिफोरने व्होडकाचा एक पेला भरून त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. मेलेल्या माणसासाठी ठेवतात, तसा.

"हा कुणासाठी हो?" मोत्र्याने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"आमच्या रणगाड्यासाठी."

"पाच तोफबुरुजांच्या त्या धुडाला तर जन्मभर शिव्या घालताय!"

"घालणारच! शेजारचा बुरूज माझ्या झाकणावर यायचा, तो वळवल्याशिवाय मला बाहेर पडता यायचं नाही. पेटला असता तर आतच भाजलो असतो. पण वजनच इतकं, की आघाडी गाठण्याआधीच गिअरबॉक्सने जीव सोडला. दहाच्या दहा जण पायी परतलो. पुढे गेलेले कुणी आले नाहीत."

मोत्र्याने सुरी उचलून पाव पुढे ओढला.

"दहा माणसं घरी धाडली त्याने, आणि एवढासा तुकडा? लाज नाही वाटत?"